हत्तीच्या सोंडेची शस्त्रक्रिया

गणपतीच्या स्मरणिकेत शस्त्रक्रियेवरचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. पण वैद्यकशास्त्रात ‘हत्तीची सोंड’ नावाची एक शस्त्रक्रिया खरोखरच आहे आणि तिची हकीकत सांगण्यासारखी आहे.

हृदयातून निघून छातीत कमानीसारखी वळणारी व पुढे पोटात उतरणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिची भिंत कमकुवत झाली की तेथे फुगा येतो. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. पण फुटला तर रुग्ण अनेकदा दवाखान्यापर्यंतही पोचत नाही. थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्या पोटात असाच फुगा होता. १९४८ मध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळले. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षे जगले. १९५५ मध्ये फुगा फुटला तेव्हा त्यांनी शस्त्रक्रियेस नकार दिला.

तोवर काळ पुढे सरकला होता. १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून तेथे मृत व्यक्तीची धमनी जोडली. त्यानंतर ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन कापडाच्या नळ्या पत्नीच्या शिवणयंत्रावर शिवल्या. मात्र कमानीपासून खालपर्यंत सगळीच महाधमनी फुगलेली असेल, तर एकाच वेळी एवढी उघडझाप रुग्णाला सोसवत नसे.

यावर जर्मनीतील हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये युक्ती मांडली. कमान बदलताना त्यांनी कापडी नळीचे एक टोक खालच्या महाधमनीत मोकळे लोंबते ठेवले. हीच ती सोंड! पुढच्या शस्त्रक्रियेत ते टोक पकडायचे आणि काम पुरे करायचे.

इकडे दुसरी वाट तयार होत होती. १९८७ मध्ये खार्किवच्या निकोलाय वोलोदोस यांनी, तर १९९० मध्ये ब्यूनस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी जांघेतील धमनीतून स्टेंट लावलेली नळी आत सरकवली. छाती वा पोट उघडावे लागले नाही. वोलोदोस यांचे काम रशियन भाषेत छापले गेल्याने जगाला ते उशिरा कळले.

पण या वाटेवरही अडचण होती. कमानीतून मेंदूकडे व हातांकडे, तर पोटात यकृत, आतडी आणि मूत्रपिंडांकडे फांद्या जातात. आतून नळी बसवली की त्यांची तोंडे बंद होणार. म्हणून दोन्ही वाटा एकत्र आल्या. आधी उघड्या शस्त्रक्रियेने त्या फांद्यांना दुसरीकडून रक्त पुरवायचे, मग जांघेतून नळी सरकवायची. बोर्स्ट यांच्या लोंबत्या सोंडेलाही आता खालून स्टेंटची नळी जोडता येऊ लागली. पुढे तर स्टेंट बसवलेली सोंडच निघाली आणि अनेक रुग्णांचे काम एकाच वेळी भागू लागले.

या संयुक्त शस्त्रक्रियाही सोप्या नाहीत. पक्षाघात आणि पायांतील बळ जाण्याचा धोका त्यांत असतोच. म्हणून फुगा वेळीच कळणे महत्त्वाचे. घरातील पासष्टी ओलांडलेल्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढलेल्या पुरुषांनी डॉक्टरांना विचारून पोटाची सोनोग्राफी एकदा जरूर करून घ्यावी. पोटातला फुगा तिच्यात दिसतो.

बोर्स्ट यांनी टोक मोकळे सोडले, ते पुढच्या हातांसाठी. एकाने सुरू करावे आणि दुसऱ्याने पुरे करावे, असेच हे शास्त्र इथवर आले आहे.