अतिसंयुक्त संख्या

ज्या धन पूर्णांकाला त्याच्याहून लहान असलेल्या प्रत्येक धन पूर्णांकापेक्षा अधिक विभाजक असतात, त्याला अतिसंयुक्त संख्या म्हणतात. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली या संख्यांवर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. व्याख्येनुसार १ व २ यांचाही समावेश होतो, जरी त्या संयुक्त संख्या नाहीत.

क्रमिका

या क्रमिकेचा आरंभ असा होतो: १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०, ७२०, ८४०, …

त्यांच्या विभाजकांची गणती अनुक्रमे अशी आहे: १, २, ३, ४, ६, ८, ९, १०, १२, १६, १८, २०, २४, ३०, ३२, …

कोणत्याही संख्येची दुप्पट केल्यास विभाजक वाढतातच. म्हणून ही क्रमिका अनंत आहे.

विभाजकांची गणना

संख्येचे मूळ अवयव पाडून प्रत्येक घातांकात १ मिळवावा व येणाऱ्या संख्यांचा गुणाकार करावा. उदाहरणार्थ, ६० = २ × २ × ३ × ५. येथे घातांक २, १, १ आहेत; म्हणून विभाजक ३ × २ × २ = १२.

गुणधर्म

अतिसंयुक्त संख्येच्या अवयवांत २ पासून क्रमाने येणाऱ्या मूळ संख्या असतात. मधली एकही गाळलेली नसते. गाळलेली असल्यास मोठ्या मूळ संख्येच्या जागी ती घालून तितक्याच विभाजकांची लहान संख्या मिळाली असती. याच कारणाने घातांक पुढे वाढत नाहीत. १ चा अपवाद सोडता, ४ आणि ३६ वगळून सर्वांत शेवटचा घातांक १ असतो.

इतिहास

प्लेटोने ‘लॉज’ या संवादग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० ही कुटुंबसंख्या सुचवली, कारण तिची वाटणी अनेक प्रकारे होते. ही अतिसंयुक्त संख्या असून तिला ६० विभाजक आहेत. एका अहोरात्राच्या ६० घटका व घटकेची ६० पळे या भारतीय कालगणनेतही अशी सुलभ वाटणी साधते.

रामानुजन यांना १९१६ साली केंब्रिज विद्यापीठाची पदवी याच संशोधनाबद्दल मिळाली. निबंधात त्यांनी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंतच्या १०२ संख्यांची यादी दिली. गणकयंत्राविना केलेल्या या यादीत २,९३,३१,८६,२५,६०० ही एकच संख्या राहून गेली. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या आर्थिक अडचणीमुळे निबंधाचा काही भाग तेव्हा छापला गेला नाही. तो १९९७ साली ‘रामानुजन जर्नल’मध्ये प्रकाशित झाला.