पुण्यातल्या सायकली गेल्या कुठे?

परवा नातवाला सांगत होतो की पुणं एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. तो पटकन म्हणाला, "आजोबा, मग त्या सगळ्या सायकली गेल्या कुठे?" मी जरा चपापलोच. कारण त्यातली एक मीच घालवली.

१९७२ साली मी शाळेत रुजू झालो. मुख्याध्यापक, आम्ही शिक्षक, शिपाई, सगळे सायकलवर. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा, मग तो मुख्याध्यापक असो की शिपाई. त्याच वर्षी बजाजची चेतक आली. तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. माझा नंबर लागला तेव्हा घरी पेढे वाटले! आमचे शिपाईमामा मात्र सायकलवरच राहिले, आणि मी हॉर्न वाजवून त्यांना कडेला व्हायला लावू लागलो. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करतो.

पुढे २००६ साली केंद्राचं राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आलं. त्यातला एक हिशेब मला फार आवडला. चाळीस जणांच्या बसला रस्त्यावर मिळणारी जागा एक-दोन जणांच्या मोटारीच्या जेमतेम अडीचपट. म्हणून रस्ता वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्यायचा. शाळेत डबा वाटून खायला शिकवतो तसंच की हे!

त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, देशातली पहिली. बसला रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट. पण काम अर्धवट, थांबा गाठायला जीव मुठीत धरून रस्ता ओलांडायचा, मोटारी खुशाल आत घुसायच्या. लोक चिडले ते उगीच नाही.

दिल्लीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे २००८ साली आंबेडकर नगर ते मूलचंद अशी जवळपास सहा किलोमीटरची बीआरटी झाली, सायकलींनाही स्वतंत्र वाट ठेवून. २०१२ साली तिच्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयात गाजली. मोटारीतून जाणारे लोक देशाची संपत्ती निर्माण करतात, त्यांचा वेळ असा वाया जाऊ नये, असा एक युक्तिवाद होता. वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. म्हणजे बसमधून धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईचा तास स्वस्त? न्यायालयाने ती याचिका फेटाळली खरी, पण २०१६ साली दिल्ली सरकारनेच ती वाट उखडून टाकली.

राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. शिपाईमामांच्या मागे मी हॉर्न वाजवायचो तेव्हा दुसरं काय म्हणत होतो? वकील तेवढा केला नव्हता.

असो. नातवाला आता सायकल हवी आहे. शाळा दीड किलोमीटरवर. सूनबाई नको म्हणते, आणि रस्त्यावरची गर्दी बघता तिचंही चुकत नाही. तोवर रोज सकाळी मीच त्याला सोडतो.. स्कूटरवरून.