रक्ताला चाल लावताना

१९२० साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. भीमाच्या हातून होणारा कीचकाचा शिरच्छेद बाबूराव पेंटरांनी इतका हुबेहूब दाखवला होता की प्रेक्षकांत घबराट उडाली, काहींना भोवळ आली आणि शेवटी सेन्सॉरने तो भाग काढायला लावला. याच कोल्हापुरात डफ-तुणतुण्यावर अफजलखानाच्या वधाचा पोवाडा पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला. पिराजीराव सरनाईकांसारख्या शाहिरांनी पोवाड्याची परंपरा जागती ठेवली आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी वाघनखं चालतात त्या कडव्याला कुणी डोळे मिटल्याचं ऐकिवात नाही. दोन्हीकडे माणूस मारला जातो, दोन्हीकडे तिकीट वा बिदागी असते आणि लोक करमणुकीसाठीच आलेले असतात. तरी एक दृश्य पाहवत नाही आणि दुसरं पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं. खुनाला चाल लावली की त्याचं गांभीर्य संपतं, असा आरोप संगीत रंगभूमीवर आणि लोककलांवर नेहमी होतो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. ज्या खुनामागे सत्तेचा हात असतो, त्याचा जाब विचारायला आपल्या समाजाने गाण्याइतकं टिकाऊ साधन दुसरं घडवलेलं नाही. मात्र ही गोष्ट प्रत्येक खुनाला लागू होत नाही, आणि ती सीमा नीट आखली पाहिजे.

पोवाड्याची घडण पाहिली की हे स्पष्ट होतं. शाहीर कडवं म्हणतो, मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ते उचलून धरतात, मग डफ थांबतो आणि शाहीर गद्यात प्रसंग समजावून सांगतो. कोण कुठे उभा होता, निरोप कुणी नेला, हत्यार कुठे लपवलं होतं, भेटीआधी काय ठरलं होतं, हे सगळं त्या गद्यात येतं. एका परीने तो पंचनामाच असतो आणि झीलकरी त्यावर सह्या करणारे पंच. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा, आणि त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या पोवाड्यांपैकी एक. म्हणजे मराठीत दीर्घ ऐतिहासिक कवनाची सुरुवातच एका गाजलेल्या वधाच्या साक्षीतून झाली. चाल असल्यामुळे ही साक्ष लिहिता-वाचता न येणाऱ्याच्याही तोंडी बसली आणि दप्तरं जळाली तरी उरली.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाने या परंपरेचं बळ दाखवलं, तसाच तिचा दोषही उघडा केला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचा तगादा लावत गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या पेशव्याला त्यांनी चुलते राघोबादादा यांच्या डोळ्यांदेखत कापून काढलं. धन्याला पाठीशी घालणारा चापाजी टिळेकर हा सेवकही पेशव्यांबरोबर मेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दोष राघोबादादांपर्यंत नेऊन भिडवला आणि सुमारे ५० जणांचा या कटाशी संबंध असल्याचं पुढे आलं. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंनी पत्रात केलेला ‘ध’चा ‘मा’. ते पत्र पुरावा म्हणून कधी समोर आलेलं नाही. तरीही कथा, नाटक आणि चित्रपटांनी हे पाप एका बाईच्या नावावर पक्कं करून टाकलं, आणि पैसा, फौज, पेशवाईची गादी यांचा हिशेब करत बसलेले पुरुष मागच्या रांगेत सरकले.

संगीतातून इतिहास विकृत होतो हा आक्षेप म्हणूनच उडवून लावण्यासारखा नाही. गाण्याला एक चेहरा लागतो, एक खलनायक लागतो, आणि तो मिळाला की ते बाकीच्यांना मोकळं सोडतं. पण ही खोड एकट्या गाण्याची नाही. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ हे याच खुनावरचं गद्य नाटक, १९०९ चं, तरी तीच खोड त्यातही आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच जन्मली, पुढे पुण्याला गेली, आणि १९४४ मध्ये तिने याच खुनावर ‘रामशास्त्री’ काढला. गाणी असूनही त्या चित्रपटाचा कणा खून हा नव्हता. राज्यकर्त्याला देहान्त प्रायश्चित्त सांगण्याची हिंमत असलेला न्यायाधीश हा त्याचा कणा होता. गाणी आहेत की नाहीत यावर कलाकृतीचा खरेखोटेपणा ठरत नाही. ती बोट कुणाकडे दाखवते, यावर तो ठरतो.

या कसोटीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. ऑगस्ट १७९१ मध्ये पुण्याच्या कोतवालाने दक्षिणेकडून आलेल्या ३४ ब्राह्मणांना एका कोंदट कोठडीत डांबलं. त्यांतले २१ गुदमरून मेले. शहर खवळलं, नाना फडणवीसांनी घाशीरामाला जमावाच्या हवाली केलं आणि ३१ ऑगस्टला दगडांनी ठेचून त्याचा जीव घेण्यात आला. या मालमसाल्यावर १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात जे उभं राहिलं ते आरंभापासून शेवटपर्यंत गाणारं-नाचणारं नाटक होतं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग झुलत उभी राहते. तीच पडदा होते, तीच भिंत, तीच शहर. कीर्तनातून लावणी निघते, लावणीतून पुन्हा अभंगाचा गजर. रांग उघडली की आतलं पाप दिसतं, मिटली की तेच लोक देवाचं नाव घेत ठेका धरतात. मेलेल्यांवर नाचगाणं कशाला, या आक्षेपाचं उत्तर त्या रांगेतच आहे. गाणारे मारेकरी नाहीत आणि बळीही नाहीत. सत्ता जोवर आपल्या अंगावर येत नाही तोवर तिच्या तालावर डोलणारे ते नागरिक आहेत. प्रेक्षकाचा पायही त्याच तालावर हलू लागतो, आणि आपण कशावर ठेका धरला हे त्याला उशिरा कळतं. हे काम गद्य संवादाला साधलं नसतं.

नानांच्या चित्रणावरून वादळ उठलं, १९ प्रयोगांनंतर मूळ संस्थेने नाटक थांबवलं आणि कलाकारांनी थिएटर अकॅडमी काढून १९७४ मध्ये ते पुन्हा उभं केलं. विरोधकांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. रंगमंचावरचा नाना हा दप्तरातला नाना नव्हे, आणि हे ऐतिहासिक नाटक नाही असं खुद्द तेंडुलकरांनीही सांगितलं होतं. तरीही दोन चुकांमधला फरक पाहिला पाहिजे. आनंदीबाईंच्या दंतकथेने दोष वरून खाली आणून एका माणसावर लादला. ‘घाशीराम’ने उलट वाट धरली. एका बदनाम कोतवालावर संपलेला दोष त्याने कोतवाल नेमणाऱ्यापर्यंत, आणि टाळ्या वाजवणाऱ्या गावापर्यंत नेला. तपशिलात स्वातंत्र्य घेऊनही सत्तेच्या व्यवहाराबद्दल ते नाटक खरं बोललं. याच थिएटर अकॅडमीने १९७८ साली पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ आणला. त्याचं मूळ ब्रेख्तचं. जर्मन जत्रांमध्ये चित्रफलक दाखवत खुनांची कवनं गाणारे गायक असत, त्यांचाच सूर ब्रेख्तने आपल्या नाटकाच्या तोंडाशी ठेवला होता. अमेरिकेतलं ‘शिकागो’ हे १९७५ चं संगीत नाटकही १९२४ मधल्या खऱ्या खून खटल्यांवर बेतलेलं. त्याचा रोख त्या बायकांपेक्षा खुनाचा तमाशा करणाऱ्या वर्तमानपत्रांवर आणि न्यायालयावर आहे. देश बदलला तरी चांगल्या खूनगाण्याचा नेम बदलत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप. मेलेल्याच्या माणसांचं काय? कोल्हापूरने १९९० च्या दशकातलं बालहत्याकांड जवळून पाहिलं आहे. इथल्या न्यायालयाने २००१ मध्ये दोषींना फाशीची शिक्षा सुनावली आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. उद्या त्यावर कुणी वग बांधला तर? माझं उत्तर स्पष्ट आहे, बांधू नये. केवळ काळ थोडा लोटला म्हणून मी हे म्हणत नाही, कारण पोवाडे तर घटना ताज्या असतानाही रचले जात. कारण वेगळं आहे. त्या लेकरांच्या मृत्यूमागे गादी नव्हती, हुकूम नव्हता, ज्याला सभेत उभं करून जाब विचारावा असा दरबार नव्हता. तिथे गाण्याला करण्यासारखं काही उरत नाही. उरतो तो फक्त थरार, आणि तो आईबापांच्या जखमेवर विकला जातो. अफजलखान, नारायणराव आणि कोतवालाच्या कोठडीतले ब्राह्मण हे राज्याच्या व्यवहारात मेले, म्हणून त्यांच्या मृत्यूवर साऱ्या रयतेचा हक्क पोहोचतो. घरातल्या दुःखावर तसा कुणाचाच हक्क नाही.

ही कसोटी मानली तर कोल्हापूरच्या रंगभूमीपुढे तिच्याच घरचा एक विषय वाट पाहत उभा आहे. छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडं ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात असं ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने लिहिलं. लिखाणाला आधार असलेली पत्रं बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, पहाऱ्यावरच्या ग्रीन या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत विशीतल्या महाराजांचा अंत झाला. राजवाडा, खोटी पत्रं, परकी सत्ता, तुरुंगात गेलेले संपादक आणि हळहळणारी रयत, सगळं इथे आहे. एकट्या बर्व्यांना किंवा एकट्या ग्रीनला खलनायक करून हे नाटक लिहिलं तर ‘ध’चा ‘मा’ पुन्हा होईल. एका राजाला त्याच्याच राज्यातून उचलून किल्ल्यात कोंडण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला, आणि तेव्हा दरबारात माना कुणाकुणाच्या खाली होत्या, हे विचारणारं नाटक हवं. ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह होरपळलं आणि त्याच्या पुनर्बांधणीसाठी सगळं गाव उभं राहिलं. ज्या रंगमंचासाठी गाव एवढं हळवं झालं, त्यावर या गावाने आपल्या राजाच्या मृत्यूचा जाब डफावर, चालीत आणि भर सभेत विचारावा. तेवढा अधिकार त्याच्या परंपरेने त्याला कधीच दिलेला आहे.