जुन्या जीपचा शाफ्ट का अडकतो? हूकची स्प्रिंग आणि हूकचा सांधा

सेलू तालुक्यातल्या या देवगाव फाट्यावर जीप म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. आज मात्र जीपच्या खाली वाकून बघू या.

आजोबांची जीप पोरं हौसेनं पुन्हा उभी करतात. नवा रंग, नवी सीट. मागं गाडी दबलेली वाटते म्हणून जादा कमानीचे नवे पाटेही बसवतात. मग खड्ड्यात गेली की खालून ठक्क आवाज येतो, शाफ्ट अडकतो, महिन्या-दोन महिन्यांत क्रॉस जातो. नवा टाकला तरी तोही जातो. दोष खरं तर क्रॉसचा नसतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूक होऊन गेला. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो, तोच हा. १६७८ साली त्यानं तो छापला. कोनात फिरणाऱ्या सांध्याचाही अभ्यास त्यानंच केला. आपला क्रॉस तोच. या सांध्याला कार्डानो या इटालियन विद्वानाचंही नाव आहे. सांधा कोनात असला की पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा मंदावतो. २० अंशांच्या कोनात हा फरक सुमारे ६ टक्क्यांचा होतो. म्हणून दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा दुसरा सांधा देतात. पहिल्याची चूक दुसरा भरून काढतो. पण त्यासाठी शाफ्टवरचे दोन्ही योक एका रेषेत हवेत.

१९४१ मध्ये युद्धासाठी विलीसची जीप आली, तेव्हा हे दोन्ही शोध तिच्या पोटाखाली एकत्र बसले. १९४७ मध्ये महिंद्रानं सुट्या भागांतून जीपा आणायला सुरुवात केली, तेव्हा आपला परभणी जिल्हा अजून निजामाच्या राज्यात होता. या जीपच्या दोन चाकांमधलं अंतर फक्त ८० इंच, त्यामुळं मागचा शाफ्ट आखूड. पाटा दबला की लांबतो, शॅकल झुलतं, एक्सल वर-मागं सरकतो. तेवढी जागा देण्यासाठी शाफ्टला सरकता जोड दिलेला असतो.

आता हिशोब करा. समजा शाफ्ट २० इंचांचा आहे आणि तुम्ही गाडी २ इंच उचलली. कोन जवळजवळ ६ अंशांनी बदलतो! लांब गाडीत हे खपून जातं, इथं नाही.

मग तपासायचं कसं? गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी ठेवा. जॅकवर एक्सल लोंबकळतो, खरा कोन दिसत नाही. योकच्या खुणा जुळतात का पाहा. विलीसच्या शाफ्टवर बाण असतात. शॅकल हातानं हलतंय का, यू-बोल्ट घट्ट आहेत का, पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला तर नाही ना, हे बघा. मग शाफ्ट सोडून क्रॉस दोन्ही बाजूंना वाकवा, कुठं अडतो ते हाताला कळतं. शेवटी गाडीत माणसं बसवून सरकत्या जोडात जागा उरते का ते मोजा. जागाच उरली नसेल, तर खड्ड्यात शाफ्ट थेट डब्यावर आणि एक्सलवर धडकतो.

हे दुर्लक्षून चालत नाही. धावत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला, तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुतू शकतं. गाडीत लेकरं बसलेली असतात.

म्हणून नवे पाटे घ्यायचेच असतील, तर जुन्याएवढ्या कमानीचे घ्या. गाडी थोडी दबलेली दिसेल, दिसू द्या. ती तशीच बनली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ या.