वाघाच्या कपाळावरचे पान

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरले की डाव्या-उजव्या हाताला खारफुटीच सुरू होते. तिथल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात एका सकाळी होडीतून फिरताना एक खंड्या अगदी जवळ बसलेला दिसला. ऊन छान, पाणी शांत, पक्षी निवांत. भराभर दहा-बारा फोटो काढले. घरी येऊन संगणकावर पाहतो तर प्रत्येक फोटोत खारफुटीची एक बारीक काटकी पक्ष्याच्या डोळ्यावरून आडवी गेलेली. होडीत असताना ती मला दिसलीच नव्हती. आपण पक्षी पाहत असतो तेव्हा आपले मन काटकी वगळते. कॅमेऱ्याला मन नसते, म्हणून त्याला काटकी दिसते.

फोटोग्राफी करणाऱ्या एका मित्राला तो फोटो दाखवला. तो म्हणाला, "एवढेच ना? दे इकडे, दोन मिनिटांत काढतो." आणि खरोखरच काढली. काटकी गेली, डोळा आला. फोटो सुंदर दिसू लागला. पण तो डोळा त्या खंड्याचा नव्हता. शेजारच्या फोटोतून घेतलेला, थोडा फिरवून बसवलेला. मी मित्राचे आभार मानले आणि घरी येऊन मूळ फोटोच ठेवून दिला. का ठेवला, ते तेव्हा नीट सांगता आले नसते. पुढे या विषयाचा इतिहास वाचत गेलो आणि कारण उमगत गेले.

रानातल्या फोटोत आड येणाऱ्या वस्तूंची तक्रार वन्यजीव छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी 1892 पासून पक्ष्यांची घरटी टिपायला सुरुवात केली. 1895 साली त्यांचे घरट्यांवरचे पुस्तक आले, त्यातली चित्रे प्रत्यक्ष निसर्गात काढलेल्या फोटोंची होती. पक्षी बुजू नये म्हणून हे भाऊ पेंढा भरलेल्या पोकळ बैलाच्या कातड्यात शिरून बसत. म्हणजे अडथळा हटवण्याची पहिली रीत होती ती छायाचित्रकाराने स्वतः लपण्याची, जागा बदलण्याची, ताटकळत बसण्याची.

पण सगळ्यांकडे एवढा धीर कुठून असणार? घरट्यासमोरची फांदी दोरीने मागे बांधायची, पाने खुडायची, गवत कापायचे, ही रीतही लवकरच रूढ झाली. फोटो स्वच्छ येई. मात्र ज्या पानाआड घरटे दडलेले असे ते पानच गेल्यावर कावळ्याला आणि सापालाही तेवढेच स्वच्छ दिसे. पिल्ले उन्हाने होरपळत ती वेगळीच. पुढे अनेक छायाचित्रण स्पर्धांनी घरट्यांचे फोटो स्वीकारणेच बंद केले, त्यामागे हा कटू अनुभव आहे. आपल्याला जो अडथळा वाटतो तो त्या जीवाचा आडोसा असतो, ही गोष्ट समजायला बरीच पिल्ले खर्ची पडली.

आपल्याकडे या क्षेत्रातले मोठे नाव एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, ते वनाधिकारी होते. वाघाच्या पायवाटेवर ते तार ताणून ठेवत. वाघाचा पाय लागला की प्रकाशझोत उडे आणि वाघ आपला फोटो आपणच काढून घेई. 1927 साली त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक आले. जिम कॉर्बेट यांना बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळवण्यात चॅम्पियन यांच्या चित्रांचा वाटा होता. त्या चित्रांवरून चॅम्पियन यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखेच ते. पट्टे नीट दिसले तर वाघ ओळखता येतो.

हीच कल्पना पुढे शास्त्र झाली. 1990 च्या दशकात डॉ. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेमध्ये स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ मोजण्याची पद्धत रुजवली. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. कॅमेऱ्यापुढचे गवत आधीच बाजूला करून ठेवतात. तरीही एखादे पान कुशीवर आलेच, तर तेवढा भाग 'दिसत नाही' असेच धरायचे. तिथे पट्टे कसे असतील याचा अंदाज रंगवायचा नाही. अंदाजाने रंगवलेला पट्टा म्हणजे जन्मालाच न आलेला वाघ!

इकडे अंधाऱ्या खोलीत आणि नंतर संगणकावर नेमके तेच अंदाजाचे काम चालू होते. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलने आणि सुरीच्या टोकाने रिटचिंग करणारे कारागीर पूर्वी स्टुडिओत असत. नवरीच्या चेहऱ्यावरचा देवीचा व्रण ते सफाईने घालवीत. 1990 साली फोटोशॉप आले आणि ती करामत ज्याच्या त्याच्या हाती आली. क्लोनच्या शिक्क्याने शेजारची पाने उचलायची आणि काटकीवर ठेवायची. 2002 मध्ये हीलिंग ब्रश आला, तो रंग आणि उजेडही जुळवून देऊ लागला. 2010 पासून नको ती वस्तू नुसती वेढली की यंत्र आजूबाजूचे पाहून भोक भरून देऊ लागले. 2023 पासून तर कृत्रिम बुद्धिमत्ता जे कुठेच नव्हते तेही रेखून देते. या सगळ्यांत काटकीमागचे खरे दृश्य कुणीच परत आणत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. ते कॅमेऱ्यात कधी आलेलेच नसते. आपण काटकी काढत नाही, काटकीवर दुसरे काहीतरी चिकटवतो.

आणि जे पान आपण काढून टाकू पाहतो तेच पान कधी साक्षीदार ठरते. चीनमधली एक हकीकत त्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. शान्शी प्रांतातल्या झेनपिंग भागात झोउ झेंगलाँग नावाचा शेतकरी राहत होता. ऑक्टोबर 2007 मध्ये त्याने रानात दक्षिण चिनी वाघाचे फोटो काढल्याचे जाहीर झाले. हा वाघ रानातून कित्येक दशकांपूर्वीच नाहीसा झाला असे जाणकार मानत होते. प्रांताच्या वनखात्याने पत्रकार परिषद घेतली, शेतकऱ्याला 20 हजार युआनचे बक्षीस दिले. हिरव्या झुडपात वाघ बसलेला आणि त्याच्या कपाळावर एक रुंद पान आडवे आलेले. फोटो पाहणाऱ्या कुणालाही वाटावे, अरेरे, ते पान तेवढे नसते तर!

पण त्या पानानेच घात केला. फू देझी या वनस्पतिशास्त्रज्ञाने वाघाकडे न पाहता पानांकडे पाहिले. ही पाने एवढी असतील तर त्यांच्या मागचा वाघ फारच चिमुकला ठरतो, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मग हजारो सामान्य लोकांनी ते फोटो बारकाईने तपासले. प्रत्येक फोटोत वाघाची बैठक तीच, नजर तीच. नोव्हेंबरमध्ये कुणाच्या तरी भिंतीवरचे नववर्षाचे जुने छापील चित्र पुढे आले. त्यातल्या वाघाचे पट्टे फोटोतल्या वाघाशी पट्टा न् पट्टा जुळत होते. कागदी वाघ झुडपात उभा करून फोटो काढले होते. जून 2008 मध्ये सरकारने ते खोटे असल्याचे मान्य केले, 13 अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि त्या शेतकऱ्याला न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्याने ते पान फोटोतून पुसले असते, तर पहिला संशय यायला किती दिवस लागले असते कोण जाणे.

तिकडे नसलेला वाघ 'आहे' म्हणून दाखवण्याची धडपड चालली होती. आपल्या गोव्यात नेमके उलटे घडत आले. सत्तरी, सांगे भागात वाघाच्या पाषाणमूर्ती पिढ्यान् पिढ्या पुजल्या जातात. रानातल्या माणसाला वाघ ठाऊक होता. पण म्हादई अभयारण्य 1999 साली जाहीर झाल्यावरही 'गोव्यात वाघ नाहीत, असलेच तर कर्नाटकातून येऊन जाणारे' असे वर्षानुवर्षे ऐकवले गेले. 2013 मध्ये म्हादईत स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ आला, तेव्हा पुरावा मिळाला. जानेवारी 2020 मध्ये गोळावली परिसरात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विषप्रयोग झाला होता. नुसता येऊन जाणारा वाघ बछडे घेऊन संसार मांडत नाही. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्रक्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा भांडणात एकेका फोटोचे मोल केवढे असते! उद्या त्यातल्या एकाही फोटोत हौसेने कुणी एखादी फांदी 'साफ' केली असे निघाले, तर 'बघा, फोटो बनावट आहेत' म्हणायला माणसे टपलेलीच आहेत. मग बाकीचे खरे फोटोही मातीमोल.

म्हणून जगातल्या मोठ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धा मूळ कच्ची फाइल मागतात. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसला तर चालतो, पण फोटोतले पान काढलेले चालत नाही.

मग काटकी आडवी आली तर करायचे काय? पुष्कळ करता येते. एक पाऊल बाजूला सरावे. होडी थोडी पुढे घ्यावी. पक्षी मान वळवीपर्यंत थांबावे. गवताची पाती लेन्सच्या अगदी जवळ असतील आणि प्राणी दूर असेल, तर ॲपर्चर पूर्ण उघडावे. मग ती पाती विरघळून नुसता हिरवा धूसर पडदा उरतो. प्राणिसंग्रहालयातल्या पिंजऱ्याचे गजही असेच नाहीसे होतात. कडेची फांदी क्रॉप करून टाकावी. आणि एवढे करूनही मिटवायची हौस असेलच, तर भिंतीवर लावायच्या फोटोत खुशाल मिटवावी, पण खाली तसे लिहावे. मूळ फोटो मात्र पुसू नये.

माझा तो खंड्या अजून काटकीआडूनच पाहतो. परवा एका पक्षीमित्राने तो फोटो पाहिला आणि म्हणाला, "काटकीवरची ही पाने पाहिलीस? यावरून खारफुटीची जात सांगता येईल. हा नेमका कुठल्या झाडावर बसतो ते तुझ्या फोटोतून कळते." इतकी वर्षे मी ज्या काटकीला दोष देत होतो, तिने त्या पक्ष्याचा पत्ता लिहून ठेवला होता.