शिळ्या भाकरीची कुळकथा

रात्री दुरडीत दोन भाकरी उरल्या तर सकाळी त्यांचे काय होते, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. भाकर हाताने कुस्करायची. कढईत तेल, मोहरी, कांदा, लसूण, मिरची, हळद. वर पाण्याचा हबका आणि झाकण. झाली फोडणीची भाकर! ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून रात्रभरात सुकलेल्या भाकरीचा सहज भुगा होतो. उरलेल्या बट्टीचीही हीच गत; फक्त कुस्करायला अंमळ जोर लागतो.

ही रीत रामाच्या काळापासूनची असावी, असे आपण समजतो. तसे नाही. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, पण तिला इथे येऊन हजारो वर्षे झाली. मिरची मात्र अमेरिका खंडातली. पोर्तुगीज 1498 साली कालिकतला उतरले, त्यानंतर ती या देशात आली. भुईमूगही तिकडचाच, आणि आपल्याकडे त्याची पेर वाढली ती विसाव्या शतकात. त्याआधी तेल तिळाचे, करडईचे, जवसाचे, आणि तेही जपून वापरायचे. गरिबाघरी शिळी भाकर ताकात मोडायची, नाहीतर मीठ-कांद्याशी खायची. कढईतली चैन अलीकडची.

आता पाहा, शिळी भाकर उरायला आदल्या रात्री पोटभर असावी लागते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, कापसाचा भाव चढला आणि आपल्या काळ्या जमिनीत कापूस पसरला. पैसा आला खरा. पण जिथे कापसाने ज्वारीची जागा घेतली, तिथे घरच्या कणगीऐवजी बाजाराकडे पाहण्याची वेळ आली. पुढे 1899-1900 च्या दुष्काळात खान्देश होरपळला, तेव्हा ताजी भाकर मिळण्याचीच मारामार. शिळी कुठून उरणार? 1972 च्या दुष्काळात अमेरिकेहून लाल मिलो आली. वडीलधाऱ्यांना विचारा, तिचे नाव काढले तरी तोंड वाकडे करतात. गंमत अशी, की तीही ज्वारीच, आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेली!

पण एक भेद गुरुजींनी वर्गात जरूर सांगावा. शिळे वेगळे, उष्टे वेगळे. आपल्या घरची शिळी भाकर ही काटकसर. (ती बहुधा घरच्या बाईच्याच ताटात पडे, हेही विसरू नये.) गावकीत मात्र महारांना दारोदार फिरून भाकर मागावी लागे. राबणूक साऱ्या गावाची, आणि मोबदला म्हणून पदरात पडे ते असे उरलेले तुकडे. त्याला कुणी काटकसर म्हणणार नाही. महाडच्या परिषदेत, 19 आणि 20 मार्च 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडण्यास बजावले. त्याच परिषदेतून लोक चवदार तळ्यावर गेले, म्हणून आपल्याला पाणी आठवते; भाकरीचा मुद्दा मागे पडतो. ज्या महार वतनापायी ही राबणूक चाले, ते वतन रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडावे लागले.