अजगर आणि त्याचा धनी

महाभारताच्या वनपर्वांत भीमाची एक मोठी बोधप्रद कथा आहे. दहा हजार हत्तींचें बळ ज्याच्या अंगीं होतें, असा तो वीर हिमालयाच्या अरण्यांत मृगयेसाठीं एकटा हिंडत असतां एका प्रचंड अजगराच्या विळख्यांत सांपडला. हिडिंब, बक, जटासुर यांना लोळविणाऱ्या भीमाला तो विळखा तसूभरहि सैल करतां आला नाहीं. अखेर भावाचा माग काढीत युधिष्ठिर तेथें पोंचला, अजगररूपी नहुषाच्या प्रश्नांचीं त्यानें उत्तरें दिलीं, आणि मगच भीम सुटला. कथेंतील शापाचा आणि वराचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी दोन गोष्टी शिल्लक राहतात. भीम स्वतःच्या बळानें सुटला नाहीं. आणि सांपडला तेव्हां तो एकटा होता. आज जगांत जेथें जेथें मोठे अजगर बंदिस्त ठेवलेले आहेत, तेथें नवशिक्याला आरंभींच याच दोन गोष्टी बजावून सांगतात. मात्र त्या तेथें पुराणकथेंतून आलेल्या नसून अपघातांनीं शिकविल्या आहेत.

मराठी भाषेनें अजगराला आळसाचें प्रतीक करून ठेवलें आहे. खाऊन पडून राहणाऱ्याला अजगराची उपमा देण्याचा प्रघात जुनाच आहे. आणि भागवतांतील अवधूतानें तर आपोआप मिळेल त्यावर संतुष्ट राहण्याचा गुण अजगरापासून घेतला म्हणून त्याला आपल्या गुरूंत बसविलें. हें निरीक्षण खोटें नव्हे. एकदां पोटभर खाल्लेला मोठा अजगर कित्येक आठवडे अन्नावांचून स्वस्थ पडून राहूं शकतो. परंतु जें जनावर स्वस्थ पडतें तें मंदच असतें, हें अनुमान चुकीचें आहे. आणि या विषयाच्या इतिहासांतील बहुतेक दुःखद प्रसंग याच चुकीच्या अनुमानांतून उद्भवले आहेत.

त्यांपैकीं एक जुना प्रसंग लंडनचा आहे. तेथील टॉवर नांवाच्या किल्ल्यांत इंग्लंडच्या राजांचें प्राणिसंग्रहालय कित्येक शतकें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याची व्यवस्था आल्फ्रेड कॉप्स या गृहस्थाकडे होती. तेथील मोठ्या सापांना लोक बोआ म्हणत. कारण त्या काळीं इंग्लंडांत विळखा घालणाऱ्या कोणत्याहि सापाला सरसकट तेंच नांव होतें. एके दिवशीं कॉप्स हातांत कोंबडी धरून ती सापाच्या तोंडापुढें करीत होता. साप कात टाकण्याच्या बेतांत होता. अशा वेळीं सापाच्या डोळ्यांवरील पारदर्शक खवलाहि दुधट होतो आणि त्याला नीट दिसत नाहीं. सापानें झडप घातली, कोंबडी चुकली, आणि कॉप्सच्या डाव्या हाताचा आंगठा त्याच्या तोंडांत सांपडला. पापणी लवते न लवते तोंच वेढे दंडावर व मानेवर पडले. कॉप्सची एकट्याची धडपड फुकट गेली. सुदैवानें दोन मदतनीस आंत आले, त्यांनीं सापाचे दांत मोडून ती पकड सोडविली, आणि मनुष्य वांचला. निसर्गाभ्यासक ब्रॉडरिप यानें १८२६ च्या सुमारास एका शास्त्रीय नियतकालिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

या वृत्तांतांत सापाचा राग किंवा सूड कोठेंहि नाहीं. त्याला अन्न हवें होतें आणि अन्नाच्या जागीं हात आला, एवढाच काय तो प्रकार. कॉप्स हा व्यवसायानें जाणता असून त्याच्या हातून तीन चुका एकदम घडल्या. सावज हातानें दिलें. साप कात टाकणार हें दिसत असतां त्याच्याजवळ जाण्याचें टाळलें नाहीं. आणि काम सुरू केलें तेव्हां जवळ दुसरा मनुष्य नव्हता. पुढील दोनशें वर्षांतील पुष्कळशा अपघातांचें मूळ शोधूं गेल्यास याच तीन चुका फिरून फिरून भेटतात.

अजगर, बोआ आणि अ‍ॅनाकोंडा यांना विष नसतें. त्यांचे दांत सुईसारखे अणकुचीदार असून घशाकडे वळलेले असतात. त्यामुळें पकडलेला हात जोरानें मागें ओढावा, तों दांत अधिकच रुततात. अजगराच्या ओठांच्या खवल्यांत उष्णता जाणणाऱ्या खांचा असतात. त्यांच्या योगें गडद अंधारांतहि उबदार शरीर त्याला कळतें. परंतु तें शरीर सशाचें कीं धन्याच्या हाताचें हें त्या खांचा सांगत नाहींत. हाताला सशाचा किंवा कोंबडीचा वास येत असला, म्हणजे गैरसमजाला दुसरा पुरावाहि मिळतो.

विळखा सावजाला गुदमरवून मारतो, असें पिढ्यान् पिढ्या शिकविलें गेलें. २०१५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं बोआच्या विळख्यांतील उंदरांचा रक्तदाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हां निराळीच गोष्ट दिसून आली. सुमारें सहा सेकंदांतच धमन्यांतील दाब निम्म्यावर येतो. गुदमरण्यास जो वेळ लागेल त्याच्या पुष्कळ आधीं रक्ताभिसरणच बंद पडूं लागतें. तत्पूर्वीं २०१२ सालीं पेनसिल्व्हेनियांतील डिकिन्सन कॉलेजांतील शास्त्रज्ञांनीं मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय धडधडत ठेवून प्रयोग केले होते. ठोके चालू असतां साप अधिक वेळ आवळून राहतो, असें त्यांस आढळलें. ‘थोड्या वेळानें सोडील’ अशी आशा करणाऱ्याला या प्रयोगांनीं दिलेलें उत्तर स्पष्ट आहे.

प्राणिसंग्रहालयांतून अजगर रंगभूमीवर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्यें अजगर अंगाखांद्यावर खेळविणारी एक स्त्री फार गाजली. ती होती फ्रेंच. पण तिनें नांव घेतलें होतें ‘नल दमयंती’! आपल्या कथेंतील दमयंतीला नलाच्या वियोगांत अरण्यामध्यें अजगरानेंच धरलें होतें आणि एका व्याधानें तिला सोडविलें होतें, हें तिच्या प्रेक्षकांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल कोण जाणे. अशा खेळांनीं लोकांच्या मनांत एक चित्र ठसलें: अजगर माणसाळतो, तो गळ्यांत घालावयाचा एक जिवंत अलंकार आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें चित्र घरांत शिरलें. १९९६ ते २००६ या काळांत एकट्या अमेरिकेंत सुमारें ९९ हजार ब्रह्मी अजगर आयात झाले. दुकानांतून घरीं नेतांना पिल्लूं दीड-दोन फुटांचें असतें. तीनएक वर्षांत तें आठ-दहा फूट होतें, आणि पुढें वीस वर्षें जगूं शकतें. घेतांना हा हिशेब फारच थोडे करीत. जनावर आवरेनासें झालें कीं कित्येक जण तें रानांत सोडून देत. फ्लॉरिडाच्या दलदलींत आज जे ब्रह्मी अजगर माजले आहेत, त्यांचें मूळ अशाच सुटलेल्या व सोडलेल्या जनावरांत आहे.

याच फ्लॉरिडांत २००९ सालीं घरांतल्या साडेआठ फुटी ब्रह्मी अजगरानें निजलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा बळी घेतला. अजगर काचेच्या पेटींत होता, आणि पेटीला झांकण म्हणून एक गोधडी बांधलेली होती! त्याला पोटभर खावयासहि मिळत नव्हतें. २०११ सालीं मुलीच्या आईस व तिच्या जोडीदारास प्रत्येकीं बारा वर्षांची कैद झाली. २०१३ सालीं कॅनडांतील कॅम्पबेल्टन गांवीं एक आफ्रिकी अजगर आपल्या कोठडींतून हवेच्या नळींत शिरला, आणि दुसऱ्या खोलीच्या छतांतून खालीं पडून तेथें निजलेल्या दोन लहान भावांचे प्राण त्यानें घेतले. २०१७ सालीं इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यांत वर्षानुवर्षें साप बाळगणारा एक तरुण आपल्या आठ फुटी अजगराजवळ मृत आढळला. पहिल्या दोन ठिकाणीं बंदोबस्त अपुरा होता. तिसऱ्या ठिकाणीं अनुभव होता, पण सोबतीस कोणी नव्हतें.

आजचे नियम या प्रसंगांशेजारीं ठेवून वाचावेत, म्हणजे त्यांतील प्रत्येकाची किंमत कळते. आठ फुटांपुढील साप हाताळतांना दुसरा सशक्त प्रौढ मनुष्य जवळ हवाच, आणि सापाची लांबी वाढेल तशी माणसेंहि वाढवावयाचीं. २०११ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें २५ फूट २ इंच भरलेली जाळीदार अजगराची मादी मोजण्यासाठीं सरळ धरावयास पंधरा माणसें लागलीं. पेटीचें झांकण पक्कें आणि कुलूप लावलेलें असावें. तिच्या खोलींत मुलें निजूं नयेत. सावज मेलेलें असावें आणि तें लांब चिमट्यानेंच द्यावें. दार उघडतांच हात न घालतां आंकडीनें सापाच्या अंगाला हलका स्पर्श करावा, म्हणजे ही वेळ अन्नाची नव्हे हें त्याला कळतें. आधीं हात साबणानें धुवावेत, म्हणजे सावजाचा वास राहत नाहीं. नंतरहि धुवावेत, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला नांवाचे रोगजंतु असूं शकतात आणि ते मुलांस विशेष बाधतात. कात टाकण्याच्या व अन्न दिल्याच्या दिवसांत सापाला हात लावूं नये. आणि तो गळ्यांत कधींहि घालूं नये. मानेभोंवतींचा वेढा काढावयास मिळणारा वेळ सेकंदांत मोजावा लागतो. वेढा पडलाच, तर डोक्याशीं झोंबण्यांत शक्ति न दवडतां शेंपटीच्या टोंकापासून वेढे उलगडीत यावें. तें टोंक सर्वांत दुबळें असतें.

सरकारांनींहि हा अनुभव कायद्यांत उतरविला. अमेरिकेनें २०१२ सालीं ब्रह्मी व आफ्रिकी अजगरांची आणि २०१५ सालीं जाळीदार अजगराची आयात बंद केली. भारतांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या अजगराला सर्वांत कडक संरक्षण दिलें आहे. तो घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय संरक्षणाच्या यादींतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यावरहि नोंदणीचें बंधन आलें. महाराष्ट्रांत वस्तींत अजगर निघाला, तर त्याला न छेडतां वन खात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावें. आणि जमलेल्या मंडळींच्या आग्रहाखातर छायाचित्रापुरताहि तो कोणाच्या गळ्यांत देऊं नये.

अजगराला माणसाच्या हाताची संवय होते. स्नेह म्हणावा असें कांहीं त्याच्या ठायीं असल्याचा पुरावा नाहीं, आणि वैरहि नाहीं. दहा वर्षें शांत राहिलेला साप एका दिवसाच्या वासानें किंवा भुकेनें निराळा वागतो. त्या दिवशीं धन्याचें प्रेम, अनुभव किंवा बाहुबळ कामास येत नाहीं. भीमाला नहुषाच्या विळख्यांतून सोडविणारा युधिष्ठिर त्याचा माग काढीत वेळेवर पोंचला, ही भीमाची पुण्याई. इतरांनीं तो योग दैवावर सोंपवूं नये. पेटीचें कुलूप काढण्यापूर्वीं दुसरा मनुष्य शेजारीं उभा असावा.